आबांचं बुक आणि आतली अक्कल

आमच्या घरात इंग्रजी शब्दांना अर्थ मिळायचा तो रविवारी, पोहे झाल्यावर आणि जिलेबीच्या आधी. आठवडाभर कोणी काहीही बोलावं, निकाल रविवारीच लागायचा. माझे सासरे, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे आबा, पाटावर एक जाडजूड डिक्शनरी ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "चलो, कोर्ट बसलं."

डिक्शनरीला ते डिक्शनरी म्हणत नसत. ते 'बुक' होतं. आबांचे वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते. संस्थान गेलं, कचेरीतलं सामान वाटलं गेलं, तेव्हा कोणाला खुर्ची मिळाली, कोणाला भिंतीवरचं घड्याळ, आणि आमच्या वाट्याला हे बुक आलं. पुढे आबा कापडाच्या मिलमध्ये हेड क्लार्क झाले. मिलमधून बाहेर जाणारं प्रत्येक इंग्रजी पत्र त्यांच्या हातचं असायचं. मिल बंद पडली, पण आबांचं इंग्रजी काही बंद पडलं नाही. सुदामा नगरातल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यांनीच लिहिले, नळाच्या तक्रारीपासून मुलांच्या दाखल्यापर्यंत.

कोर्टाचे कायदे साधे होते. कोणीतरी एक शब्द आणायचा, बाकीच्यांनी अर्थ सांगायचा, भांडण झालं की बुक उघडायचं. उघडायचा अधिकार फक्त आबांचा. हरेल त्याने पिशवी घेऊन उठायचं आणि कोपऱ्यावरून गरम जिलेबी आणायची. जिंकेल त्याच्या शब्दापुढे, समासात, आबा पेन्सिलीने बारीक खूण करत आणि नातं लिहीत: मुलगा, सूनबाई, नात. सासूबाईंना मात्र पेन्सिल लागत नसे. त्या मराठी चौथी शिकलेल्या. इंग्रजी शब्दाचा अर्थ त्या नुसत्या आवाजावरून सांगायच्या, आणि कधीतरी असा नेम बसायचा की आबा बघतच राहायचे. पूजा करून उठलेल्या असल्यामुळे बोटाला कुंकू असायचंच. त्या सरळ पानावर बोट टेकवायच्या आणि म्हणायच्या, "ही माझी सही." बुकात अशी पाच-सहा कुंकवाची बोटं होती.

सासूबाई गेल्या आणि कोर्ट थांबलं. कोणी थांबवलं नाही. एका रविवारी आबांनी पाट मांडला नाही, एवढंच झालं. बुक सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर गेलं.

आता माझ्याविषयी. मी भुसावळची, लग्न होऊन या हिंदी मुलखातल्या शहरात आले. स्वभाव तापट, आणि स्वच्छतेचं वेड आईच्या दुधातून आलेलं. हे शहर स्वच्छतेत पहिलं यायला लागलं तेव्हा मला वाटलं, चला, शेवटी कोणीतरी माझं ऐकलं! सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की मी हातातली पोळी तव्यावर टाकून निघते. गीला वेगळा, सूखा वेगळा. शेजारणीच्या सुक्या डब्यात चहाचा चोथा दिसला तर मी तिथल्या तिथे सांगते. कॉलनीत माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

गेल्या दिवाळीच्या सफाईत मी माळ्यावर चढले. लुगड्याचं गाठोडं ओढलं तर त्यातून भुसा गळला. वाळवी! वाळवी म्हटलं की मला दुसरं काही दिसत नाही. आज गाठोडं, उद्या कपाट, परवा चौकटी. तेवढ्यात खाली गाडीचं गाणं वाजलं. मी गाठोडं न सोडता तसंच घेऊन धावले. गाडीवाला भिया, म्हणजे इकडचा भैया, चांगला माणूस, त्याने वजन हातात घेऊन विचारलंसुद्धा, "मैडम, किताब है क्या? रद्दी में दे देतीं."

"भिया, दीमक है. आगे किसी के घर मत फैलाओ," मी म्हटलं, आणि ते सुक्याच्या खणात गेलं.

घरी येऊन हात धुतले, माळा पुसला, स्वतःवर खूश झाले. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना कुंकवाचा करंडा उघडला आणि बुकातली सासूबाईंची बोटं आठवली. पण गाडी केव्हाच गेली होती. मी कोणाला बोलले नाही. आबा तरी आता कुठे बुक मागतात, अशी मनाची समजूत घातली. मन लबाड, लगेच समजलं.

थंडी सरता सरता माझी लेक घरी आली. तिची कंपनी पुण्यात, काम आमच्या जेवणाच्या टेबलावर. एका मंगळवारी दुपारी जेवायला बसताना ती कानातला हेडफोन काढत म्हणाली, "मम्मी, आज मी मॅनेजरला पूरा आउटविट केलं."

"आउटविट म्हणजे काय, सांग," आबा ताटावरून म्हणाले.

"म्हणजे चकवलं, आबा. तो डोकं लावून राहिला होता, मी त्याच्यापेक्षा जास्त लावलं."

"करेक्ट. आणि इनविट?"

लेक हसली. "असा वर्डच नाही. आउट आहे म्हणून इन पण असेल, असं थोडीच होतं?"

"का? आउटलॉ आहे, इन-लॉ नाही? ही बघ, समोर बसली आहे." आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सगळे हसले, मीही हसले. लेकीने फोनमध्ये शब्द घातला. फोनने विचारलं, तुम्हाला 'इन्व्हाइट' म्हणायचं आहे का? तिने तो पडदा सगळ्यांना फिरवून दाखवला. तेव्हा माझा नवरा, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, बोलून गेला, "आबा, होतं असं. हल्ली तुम्ही जरा मिक्स करून राहिले आहात."

आबांचा हात ताटात थांबला. त्यांचे गुडघे गेले, एक कान गेला, दात तर कधीच गेले. कशाबद्दल त्यांनी कुरकूर केली नव्हती. पण आठवण ही त्यांची इस्टेट होती. तीस वर्षांपूर्वीच्या पत्रातला मजकूर ते स्वल्पविरामासकट सांगायचे. त्या हिवाळ्यात दोनदा घोटाळा झाला होता: एकदा गॅस सुरू राहिला, एकदा त्यांनी गेलेल्या मित्राला फोन लावायला सांगितला. तेव्हापासून ते काहीही म्हणाले की आम्ही एकमेकांकडे बघायचो. दूध नासलंय म्हणाले तरी आम्ही वास घेऊन खात्री करायचो. हे त्यांना कळत होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती. तेवढी मला दिसत होती.

"ठीक आहे," आबा म्हणाले. "रविवारी कोर्ट बसेल. सूनबाई, माळ्यावरून बुक काढून ठेव."

मी कोणी न मागता सगळ्यांच्या पानात भात वाढला.

सगळे जेवून उठल्यावर मी स्वतः फोन घेऊन बसले. 'इन्व्हाइट नको' असं त्याला दोन-तीनदा बजावल्यावर शब्द सापडला. होता! पुढे लिहिलं होतं, वापरातून गेलेला. अर्थ: सदसद्विवेकबुद्धी. हा मराठी शब्द उच्चारतानाच माणसाला दम लागतो, म्हणून बहुतेक कोणी ती वापरत नसावं. मी धावत आबांच्या खोलीत गेले. आनंद त्यांच्यासाठी होताच, पण खरं सांगायचं तर जास्त माझ्यासाठी होता. शब्द फोनवर मिळाला, आता बुक कशाला?

आबांनी पडदा बघितला, फोन परत दिला. "जेवताना नाही म्हणत होता, आता हो म्हणतो. हा फोन आहे की पुढारी? मला पान पाहिजे. आणि तू कोणाला काही सांगू नको. रविवारी पान उघडू दे, मग बघू पोराचं तोंड."

खरं बोलायची तीच वेळ होती. माझं तोंड उघडलंही. त्यातून बाहेर आलं ते एवढंच, "चहा टाकू का, आबा?"

बुधवारी मी स्कूटी काढली आणि शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, खजरान्याला गेले. तिथे गणपतीच्या पाठीमागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून मागणं मागायचं, आणि ते पुरं झालं की येऊन सरळ काढायचं, अशी रीत आहे. लोक नोकरी मागतात, मूल मागतात. मी उलटं स्वस्तिक काढलं आणि म्हटलं, देवा, आबांना कळू देऊ नको.

देवावर सगळा भार टाकणाऱ्यांतली मी नाही. तिथून थेट राजवाड्याजवळ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गेले. चौथ्या दुकानात एक म्हातारी, जाडजूड डिक्शनरी निघाली. उंची तीच, रंग तोच पिवळट. आधी आतला शब्द बघून घेतला. "आंटी, ये कौन पढ़ता है अब," दुकानदार धूळ झटकत म्हणाला. मी म्हटलं, "हमारे यहाँ कोर्ट में लगती है." त्याने मला वकील समजून कागदात नीट बांधून दिली.

पुढचे तीन दिवस मी गच्चीवर जो उद्योग केला, तो मी कोणा शाळेच्या मुलीला करताना बघितला असता तर कान उपटला असता. पुठ्ठा फाडला, कारण बुकाला पुठ्ठा नव्हता. कडांना चहाचं पाणी लावलं. उन्हात वाळवलं. पलीकडच्या गच्चीवरून शेजारीण ओरडली, "काय वाळवून राहिली?" मी म्हटलं, "पापड." आठवत होते तेवढ्या शब्दांपुढे आबांच्या वळणाच्या खुणा केल्या, 'मुलगा', 'सूनबाई', 'नात' लिहिलं. माझ्याच नावावर दोन शब्द जास्त चढवले, ही लबाडीतली लबाडी. पण करंडा समोर असूनही कुंकवाचं बोट मला कुठे लावता आलं नाही. कोणते शब्द सासूबाईंचे होते ते मला आठवत नव्हतं, हे एक. आणि आठवलं असतं तरी हात धजला नसता. आबा एकच पान उघडतील, जिंकतील आणि बुक मिटतील, असा माझा हिशेब होता.

रविवारी पोहे झाले. पाट मांडला गेला. मी दुसऱ्या एका जुन्या लुगड्यात बांधलेलं ते गाठोडं आणून ठेवलं. आबांनी चष्मा पुसला, गाठ सोडली, पानं उलटली. एका पानावर ते थांबले, आणि त्यांनी बुक नातीपुढे सरकवलं. "वाच."

लेकीने वाचलं. वाचता वाचता तिचे डोळे मोठे झाले. "आबा! आहे! इनविट. कॉन्शन्स. पप्पा, बघा!"

नवऱ्याने पान बघितलं, कान पकडले. "माफ करा, आबा. मीच हारलो." तो पिशवी घ्यायला उठलासुद्धा. मी मनातल्या मनात खजरान्याकडे हात जोडले.

आबा मात्र जिंकल्यासारखे दिसेनात. त्यांनी बुक परत आपल्याकडे ओढलं, डोळे पानाजवळ नेले. समासावरून बोट वर नेलं, खाली आणलं. पान उलटून मागची बाजू बघितली. पुन्हा उलटलं.

"इथे तिचं बोट होतं," ते म्हणाले.

आबा सांगू लागले. मिलमध्ये असताना एका पत्रासाठी ते 'इनवर्ड' शोधत होते. आवक-जावक, क्लार्कचा रोजचा शब्द. त्याच्या खाली हा दिसला. रविवारी त्यांनी कोर्टात टाकला, सगळ्यांना हरवायला. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. सासूबाई गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, इन म्हणजे आत ना? आणि विट म्हणजे? आबा म्हणाले, अक्कल. मग त्या म्हणाल्या, "सोपं आहे की. आतली अक्कल. जी चोरी करताना टोचते."

"मी बुक उघडून बघितलं आणि हारलो," आबा म्हणाले. "शेंगा टाकून ती उठली, देवापाशी जाऊन बोट भरून आली. इथे लावलं. या शब्दाच्या डाव्या बाजूला."

त्यांनी समास पुन्हा एकदा चाचपला. कागद कोरा होता. मग त्यांनी चष्मा काढला, आणि जे म्हणाले ते मला आजही ऐकू येतं.

"नसेल. दुसऱ्या शब्दाला असेल. तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे. मी मिक्स करून राहिलो आहे."

हे मी केलं होतं. त्यांना जिंकवायला निघाले होते, आणि त्यांच्याच तोंडून त्यांना हरवलं होतं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"तिथेच होतं, आबा," मी म्हटलं. "तुम्हाला बरोबर आठवतंय. हे बुक आपलं नाही. आपलं बुक मी दिवाळीत कचऱ्याच्या गाडीत दिलं."

नवरा पिशवी घेऊन दारात उभा राहिला. लेक 'मम्मी' म्हणाली आणि थांबली. मी थांबले नाही. वाळवी, गाडी, दुकान, चहाचं पाणी, माझ्या नावावरचे दोन जास्तीचे शब्द, सगळं सांगून टाकलं.

आबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारलं, "गीला की सूखा?"

"सूखा, आबा."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि काठी घेऊन उठले. एरवी मला हसू फुटलं असतं. पण आबा हसले नव्हते. ते खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. त्या रविवारी जिलेबी आली नाही.

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायचे, औषध घ्यायचे, चहा कमी गोड असला तर नातीला सांगायचे, "तुझ्या आईला सांग." मी समोरच उभी असायचे. भांडण झालं असतं तर मला जमलं असतं, त्यात मी पटाईत आहे. ही शिक्षा मात्र झेपेना. सकाळी गाडीचं गाणं वाजलं की मी डबे घेऊन जायचे आणि मान खाली घालून परत यायचे. शेजारणीच्या सुक्या डब्यात केळ्याचं साल दिसलं, तेही मी सोडून दिलं. ती घाबरून विचारायला आली, तब्येत ठीक आहे ना?

एक गोष्ट मात्र घरात बदलली. इतकं हुबेहूब बनवलेलं बुक आबांनी एका नसलेल्या ठिपक्यावरून पकडलं होतं. लेक बापाला म्हणाली, "पप्पा, आबांची मेमरी तुमच्यापेक्षा तेज आहे." शुक्रवारी आबा म्हणाले दूध नासलंय, तर नवऱ्याने वास न घेता ओतून दिलं. दूध चांगलं होतं, मी भांड्याला बोट लावून बघितलं. पण मी काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी पोहे झाले आणि मी भांडी उचलायला लागले, तर आबांची हाक आली. "सूनबाई, बुक आण."

त्या चहात भिजवलेल्या डिक्शनरीला ते पहिल्यांदा 'बुक' म्हणाले होते. मी ती पाटावर ठेवली. आबांनी आधी 'आउटविट' काढला. पेन्सिलीला थुंकी लावली, समासात काहीतरी लिहिलं आणि नातीकडे दिलं. तिने मोठ्याने वाचलं, "सूनबाई. जमलं नाही." नवरा आणि लेक दोघं पोट धरून हसले. मला हसू आलं आणि रडूही आलं.

मग त्यांनी 'इनविट' काढला. "करंडा आण."

मी आणला. त्यांनी तो घेतला नाही, माझ्याकडेच सरकवला. "लाव."

"आबा, ते आईंचं आहे."

"तिनं अर्थ सांगितला," आबा म्हणाले. "उदाहरण तू दिलं. बुकात दोन्ही लागतं. लाव."

मी शब्दाच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं. ठिपका जरा मोठाच उमटला. आबांनी तो सुकेपर्यंत बुक मिटलं नाही.

"आणि मागच्या रविवारची जलेबी बाकी आहे," ते म्हणाले. "कोण हारलं होतं?"

"मी," म्हटलं, आणि पिशवी घेऊन निघाले.

परत आले तर पोहे पचून गेले होते आणि आबा दारात काठी आपटत उभे होते. "कोपऱ्यावर गेली होतीस की उज्जैनला? थंड करून आणली!"

"खजरान्याला गेले होते, आबा. सरळ स्वस्तिक काढायला. तुम्हाला कळू नये म्हणून नवस बोलले होते."

आबांनी डोळे बारीक केले. "पण मला तर कळलं."

"म्हणूनच गेले," मी म्हटलं.

त्यांनी पुडी उघडली, एक थंड जिलेबी उचलली आणि पहिली माझ्या हातावर ठेवली.